नेता व्हायला नुसता माईक पुरतो काय?

येळ्ळूरचा पोरगा:
सकाळी इथं कुणीतरी भलीमोठी पोस्ट टाकलीय, नेत्याला वाणी पाहिजे, व्हिजन पाहिजे, करिष्मा पाहिजे, मग लोक आपोआप मागं येतात म्हणे. अहो बेळगावात बसून असलं लिहायला धाडसच लागतं. आमच्यात भाषणांना कधी तोटा होता? 17 जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात उभं राहून ऐका, एकापेक्षा एक गर्जना. आणि 2018 च्या विधानसभेला खानापुरात महाराष्ट्र एकीकरण समितीचेच दोघं समोरासमोर, दोघांची मतं एकत्र केली तर निवडून आलेल्यापेक्षा जास्त. मागं सरायची अक्कल नाही तो नेता कसला? मी तर एवढाच गुण बघतो, गड्याला स्वतःचं तिकीट सोडता येतंय का.

शहापूरकर:
पोस्ट माझीच. 2023 ला सरले की मागं! प्रत्येक ठिकाणी एकच उमेदवार, निकाल काय? शून्य. बेळगाव दक्षिणला तेवढा दुसऱ्या नंबरवर. नुसत्या एकीनं मतं पडत नाहीत ओ, पोरं रात्री बारापर्यंत पत्रकं वाटत फिरतील असा माणूस पुढं लागतोय.

येळ्ळूरचा पोरगा:
पाच वर्षं भांडायचं नि शेवटी फोटोपुरती एकी. लोकांना कळतंय सगळं.

निपाणीची सून:
वाणीचं म्हणाल तर 1981 चं तंबाखू आंदोलन आठवा. शेतकरी नेते शरद जोशी ना हातवारे करायचे ना आरडाओरडा, एका किलोला खर्च किती आणि हातात पडतंय किती, एवढाच हिशोब मांडायचे. आमचे सासरे पुणे-बेंगलोर रस्त्यावर बसलेले त्यात, गोळीबार झाला, माणसं गेली, तरी आजही सासरे तो हिशोब तोंडपाठ सांगतात.

शहापूरकर:
मग वाणीच की ती! हळू बोलला म्हणून काय झालं.

खानापूरचा मास्तर:
वाणी वाणी लावलंय, कुठल्या भाषेतली ते पण बोला. इथल्या नेत्याला कन्नड यायलाच पाहिजे. आमच्या वाडीतल्या पंचायत मेंबर बाई, सातवी शिकलेल्या, तालुका ऑफिसात जाऊन कन्नडात भांडतात नि काम करून घेऊनच उठतात. मोठे नेते मराठीत निवेदन देतात, फोटो काढतात, साहेब कागद बाजूला ठेवतात, विषय संपला.

अनगोळकर:
आलात शेवटी तिथंच! 1986 ला कन्नड सक्तीविरुद्ध लोकांनी गोळ्या खाल्ल्या, हिंडलग्याचं स्मारक कशाला बांधलंय मग? आणि 15 टक्क्यांचा नियम वाचलाय काय? जिथं अल्पसंख्याक भाषेचे तेवढे लोक आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाल्या पाहिजेत. तो हक्क मागायचा सोडून मास्तर शिकवण्या घ्यायला निघाले.

खानापूरचा मास्तर:
सक्ती वेगळी नि येणं वेगळं. तो नियम मागायला तरी त्या साहेबासमोर बसावंच लागणार ना? वडील वारल्यावर वारसा लावायला गेलो, जमिनीच्या उताऱ्यावर नाव चुकीचं चढलं, कन्नडात होतं म्हणून घरात कुणालाच कळलं नाही. भाषणं ऐकून नाव दुरुस्त झालं नाही, त्या बाईंनीच करून दिलं.

अनगोळकर:
मग त्यांनाच आमदार करा की.

निपाणीची सून:
करायचंच ओ, पण तिकीट कोण देणार? तुमच्या मीटिंगात बायका फक्त ओवाळायला. इथं एवढे गुण मोजलेत, एकाला तरी लिहिताना बाई डोळ्यासमोर आली काय?

शहापूरकर:
माझी पोस्ट कुठं होती नि गाडी कुठं गेली.

येळ्ळूरचा पोरगा:
जाऊ दे की, गाडी बरोबरच चाललीय. एन. डी. पाटील सरांना कुठला करिष्मा होता? 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून, निवडणुकीत एका मताचा उपयोग नाही, तरी 2022 ला जाईपर्यंत माणसानं सीमाप्रश्न सोडला नाही. व्हिजन व्हिजन म्हणणाऱ्यांनी आधी एवढं टिकून दाखवावं.

शहापूरकर:
बरं बाबा, चिकाटी पण घाला यादीत. पण सरांसारखा बोलणारा तरी दुसरा दाखवा, म्हणजे वाणी राहिलीच.

अनगोळकर:
सरांबद्दल वाद नाही. बाकी मास्तर, त्या बाईंचा नंबर मला पर्सनलला टाका, चुलत्याचा उतारा कधीपासून अडकलाय. म्हणजे तुमचं पटलं असं समजू नका हां.