तळहात लाल व्हायलेत (सोसायटी ग्रुप, सिडको)

बी-२०४ काका: मंडळी, दोन महिने झाले, दोन्ही तळहात लाल व्हायलेत. खाज नाही, दुखणं नाही. अंगठ्याखालचा फुगीर भाग अन् करंगळीखालची कड लाल, मधला भाग नेहमीसारखाच.

ए-१०१ अप्पा: लाल तळहात म्हणजे लक्ष्मी येणार. मेंटेनन्स तेवढा भरून टाका 😄

सी-३०३ वहिनी: उष्णता हो. सब्जा घ्या.

ए-४०२: नवीन वॉशिंग पावडर आणली का?

बी-२०४ काका: कपडे घरातली धुते, तिचे हात चांगलेत.

सी-१०२ डॉक्टरताई: आत्ता ड्युटीवरून आले. काका, पावडरनं बहुधा खाज सुटली असती, साल निघाली असती. काचेचा ग्लास तळहातावर दाबून बघा बरं.

बी-२०४ काका: दाबलं की पांढरं, सोडलं की परत लाल.

सी-१०२ डॉक्टरताई: म्हणजे बारीक रक्तवाहिन्या फुगल्यात. ह्याला पामर एरिथेमा म्हणतात. हा स्वतः आजार नाही, खूण आहे. काही घराण्यांत पहिल्यापासूनच असतं. गरोदरपणात कितीतरी जणींना होतं, बाळंतपणानंतर जातं. पण तुमच्या वयात नव्यानं आलंय, तर लिव्हर, थायरॉइड, संधिवात, शुगर बघावं लागतं. वजन उतरलंय? हात थरथरायलेत? सकाळी बोटं आखडतात? छातीवर कोळ्यासारखे पाय फुटलेले लाल ठिपके?

बी-२०४ काका: ठिपके आहेत दोन-तीन. मी घामोळ्या समजलो.

ए-१०१ अप्पा: खरं सांगा, घेता का काही?

बी-२०४ काका: गळ्यात माळ आहे अप्पा माझ्या!

सी-१०२ डॉक्टरताई: दारूच लागते असं नाही. फॅटी लिव्हर, हेपॅटायटिस बी-सी, काहीही असू शकतं.

सी-३०३ वहिनी: मग गुळवेलीचा काढा देऊ का? गच्चीवर वेल आहे आमची.

बी-२०४ काका: तो तर करोनापासून रोज चालू आहे.

सी-१०२ डॉक्टरताई: आजपासून बंद! गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस करोनाच्या काळात आपल्याच देशात नोंदल्या गेल्यात. तुमचं त्यानंच झालं असं म्हणत नाही मी. उद्या उपाशीपोटी शुगर, एलएफटी (लिव्हरची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची), सीबीसी (रक्तपेशींची) द्या, पोटाची सोनोग्राफी करा. मलम लावत बसू नका, मूळ सापडलं तर लाली कमी होईल. अन् डोळे पिवळे दिसले, पोट-पाय सुजले तर सरळ घाटी (सरकारी दवाखाना) गाठायची.

ए-१०१ अप्पा: ताई, मी बी आत्ता बघितलं, माझा पण लाल दिसायलाय.

सी-१०२ डॉक्टरताई: डावाच ना? तंबाखू-चुना चोळायचं थांबवा अप्पा, मग बघू.