फोनवरच्या पाहुण्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो – मदत हवी आहे

थेट चर्चेचा कार्यक्रम. टेबलावर तीन डायनॅमिक माइक, चौथा पाहुणा मोबाइलवर. मोबाइल चार कड्यांच्या ३.५ मिमी पिनने मिक्सरच्या पाचव्या चॅनेलला जोडलाय. ऑक्स १ (मिक्सरमधून वेगळं मिश्रण बाहेर पाठवायची वाट) मधून त्याला स्टुडिओचा आवाज परत जातो. ऑक्स १ प्री-फेडर (चॅनेलच्या सरकत्या आवाज-पट्टीच्या आधीच आवाज घेणारा) आहे आणि पाचव्या चॅनेलवर त्याची खुंटी पूर्ण शून्यावर, म्हणजे पाहुण्याचा आवाज वजा करूनच मिश्रण जातंय. तरी बोलताना त्याला स्वतःचा आवाज साधारण अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो आणि माणूस अडखळतो. राजकीय वादात तर तो बिचारा गप्पच बसतो.

तपासून झालेलं: तिन्ही माइक म्यूट केले, प्रतिध्वनी तसाच. म्हणजे हेडफोनमधून माइकमध्ये गळती हे कारण नाही. संगणकाची यूएसबी काढली, तरीही तेच. ऑक्स १ चा मुख्य नॉब बंद केला तरी हलका आवाज उरतोच.

म्हणून संशय केबलवर. या पिनमध्ये माइक आणि इअरफोनचा ग्राउंड (परतीची सामाईक तार) एकच असतो, तिथून आवाज ओलांडत असावा.

प्रश्न असा: ऑक्सच्या वाटेवर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन उपकरणांमधली थेट विद्युत जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारा) पुरेल, की फोनकडे जाणाऱ्या आणि फोनकडून येणाऱ्या अशा दोन्ही वाटांवर लागेल? फोनच्या माइक-इनपुटला लाइन लेव्हल (मिक्सरमधून निघणारा जोरदार सिग्नल) फार जड पडते. ४० डीबी अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावायचा की नंतर? ब्लूटूथ नको, त्याने उशीर आणखी वाढतो.