ड्रॅगन एज २ या व्हिडिओ गेमला एवढ्या शिव्या का पडतात?

पहिला भाग, ओरिजिन्स, दोनदा संपवलाय, आता दुसरा भाग खेळतोय आणि मला मनापासून आवडतोय, पण जिथे बघावं तिथे लोक त्याला झोडपतायत. खरंच एवढा वाईट आहे का?

उत्तर १: अरे गुहा बघ ना. दरवेळी तीच गुहा, तीच वळणं, फक्त एखादा दरवाजा बंद, आणि मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) मात्र अख्खी गुहा दिसते. ओरिजिन्स नोव्हेंबर २००९ चा, हा मार्च २०११ चा, म्हणजे जेमतेम १६ महिने, घाई दिसणारच. त्यात फाइट संपली म्हणावं तर मागून अजून एक टोळी येते, मग जागा बघून डाव आखायचा कसा? हे मी नाही माफ करू शकत.

उत्तर २: गुहांचं १००% पटलं, पण कथेला नावं ठेवू नका राव. इथे जग वाचवायचं नाहीये, एकच शहर कर्कवॉल आणि एका निर्वासित घराची काही वर्षं. अ‍ॅक्ट टूमध्ये आपण खेळतो तो हॉक आईला शोधत जातो ना, तिथे मी कंट्रोलर खाली ठेवला, कितीतरी वेळ उचललाच नाही.

प्रश्नकर्ता: कालच तिथवर पोचलो. अजून पुढे गेलो नाहीये.