मदत हवी आहे: कॉन्सर्टच्या तिकीटदरांबद्दल पत्र लिहायचंय, नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही श्रोते मिळून एका आवडत्या बँडच्या व्यवस्थापनाला तिकीटदरांबद्दल पत्र लिहितोय. मसुदा माझ्याकडे आहे आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी अडलीय, कारण आमच्यातच दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, सरळ 'तिकिटं स्वस्त करा' असं लिहा. बाकीच्यांचं म्हणणं, स्वस्त तिकीट आपल्या हाती लागणारच नाही, काळाबाजारवाले उचलून नेतील. माझं मत मात्र तिसरीकडेच झुकू लागलंय. ते जाणकारांकडून तपासून घ्यायचंय.

दर वाढले हे खरंच. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन क्रुगर यांनी मांडलेला हिशोब असा, की १९८१ ते २०१२ या काळात तिथली महागाई साधारण १५० टक्क्यांनी वाढली, तर कॉन्सर्टचं सरासरी तिकीट जवळपास ४०० टक्क्यांनी. पूर्वी अल्बम खपावा म्हणून दौरा काढायचे. रेकॉर्डची विक्री आटली तसा दौराच मुख्य उत्पन्न झाला. त्यातून वादक, तंत्रज्ञ, ध्वनी, प्रकाश, वाहतूक सगळ्यांचं भागायचं असतं. म्हणून तिकीट महाग असणं हाच अन्याय, असं मला म्हणवत नाही.

मला छळतं ते तिकीट काढतानाचं. ऑनलाइन रांगेतला आपला आकडा मुंगीच्या पावलाने खाली येत असतो, पान रिफ्रेश करायची सोय नसते. शेवटी नंबर लागतो, जागा दिसते आणि तत्क्षणी कोपऱ्यातलं घड्याळ उलटं धावू लागतं. जाहिरातीत वाचलेली किंमत समोर नसतेच. जी असते, तिच्यावर पुढच्या पानावर सेवाशुल्क, सुविधाशुल्क, प्रक्रियाशुल्क चढत जातं. सोडलं तर जागा गेली, तासन्‌तास थांबलेलं वाया. अशा वेळी माणूस परवडतंय का याचा विचार करत नाही, बटण दाबून मोकळा होतो. याला खुल्या बाजारातला सौदा म्हणायला माझं मन घेत नाही.

२०२४मध्ये ओअ‍ॅसिस या बँडच्या पुनरागमनाच्या वेळी ब्रिटनमध्ये हेच झालं. उभं राहून ऐकायचं तिकीट सुमारे १५० पौंडांना मिळेल या समजुतीने लोक रांगेत लागले आणि पुष्कळांना शेवटी ३५५ पौंडांचं दिसलं. मागणी पाहून दर हलवणाऱ्या डायनॅमिक प्रायसिंगवर तेव्हा जो गदारोळ झाला तो आठवत असेलच.

उलट उदाहरणही आहे. २०२३च्या अमेरिका दौऱ्यात द क्युअर या बँडने दर मुद्दाम खाली ठेवले होते. तरी काही ठिकाणी २० डॉलरच्या तिकिटावर त्याहून जास्त शुल्क लागलं. गायक रॉबर्ट स्मिथ यांनी जाहीरपणे आवाज उठवला आणि तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीने सर्वात स्वस्त तिकिटांवर १० डॉलर, बाकीच्यांवर ५ डॉलर परत केले. म्हणजे कलाकाराने मनावर घेतलं तर फरक पडतो. म्हणूनच पत्र कलाकाराकडे पाठवावंसं वाटतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: किंमत किती यापेक्षा ती आधी कळते का आणि रांग खरी आहे का, यावर भांडावं. हे बरोबर आहे, की मूळ मागणी मी सौम्य करून टाकतेय? आणि मागण्या कोणत्या शब्दांत लिहाव्यात?

तिसरी रांग:
दिशा बरोबर आहे, पण ओअ‍ॅसिसचा परिच्छेद दुरुस्त करा, नाहीतर पहिल्याच उत्तरात तुम्हाला खोडून काढतील. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली, तेव्हा यंत्राने क्षणोक्षणी दर चढवल्याचं निघालं नाही. उभ्या तिकिटांचे आधीच ठरवलेले दोन दर होते. स्वस्त संपल्यावर महाग विक्रीला काढले आणि रांगेतल्यांना ते सांगितलं नव्हतं. 'प्लॅटिनम' नावाची तिकिटं जवळपास अडीचपट दराने गेली, त्यांत जास्तीचं काही मिळत नाही हेही पुरेसं स्पष्ट केलं नव्हतं. तुमच्या मुद्द्याला यानं बळच मिळतं. २०२५मध्ये तिकीटमास्टरने नियामकाला हमी दिली की असे टप्प्याटप्प्याचे दर असतील तर २४ तास आधी सांगू. ही हमी तुमच्या मागणीत जशीच्या तशी घाला.

शुल्काबद्दल: ते सगळं संकेतस्थळाच्या खिशात जात नाही, त्यात सभागृहाचाही वाटा असतो. त्यामुळे 'शुल्क रद्द करा' म्हटलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. 'पहिल्या पानावर सगळं धरून एकच किंमत दाखवा' असं लिहा. अमेरिकेत मे २०२५पासून तसा नियम लागू आहे.

खर्ज:
मी विरुद्ध बाजूने बोलतो. जागा मोजक्या आणि मागणी अफाट असेल तर कमी दर ठेवून फायदा दलालाचा. २०२२मध्ये अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या दौऱ्यात काही तिकिटं हजारो डॉलरला गेली, तेव्हा त्यांनी हीच बाजू मांडली होती: दलाल जो पैसा खातो तो घाम गाळणाऱ्यांना का मिळू नये? मला यात तथ्य वाटतं.

धागाकर्ती:
खर्ज, तुमचा मुद्दा आमच्या गटातही निघाला होता. पैसा दलालाऐवजी कलाकाराला मिळावा हे मान्य. पण म्हणून सगळीच तिकिटं लिलावासारखी विकली तर पुढे कोण उभं राहील? कॉन्सर्ट रंगते ती प्रत्येक शब्द पाठ असलेल्या, कडवं सुरू होण्याआधीच श्वास घेणाऱ्या लोकांमुळे. त्यांतले बरेचसे विद्यार्थी असतात, बेताच्या कमाईचे असतात. ती गर्दी कलाकाराला पैशाने विकत मिळत नाही. काही जागा महाग विका, पण पुढच्या जागांचा ठरावीक हिस्सा कमी दरात सोडतीने द्या, असं लिहिलं तर?

मंद्र:
सोडत चांगलीच. रांगेत ज्याचा संगणक वेगवान त्याचा फायदा, शिवाय बॉट्स, म्हणजे माणसाऐवजी झटपट तिकिटं उचलणारे संगणक-प्रोग्राम, घुसतात. अमेरिकेत बॉट्सविरुद्ध २०१६पासून कायदा आहे, तरी नोव्हेंबर २०२२मध्ये टेलर स्विफ्टच्या विक्रीत तिकीटमास्टरच्याच सांगण्यानुसार यंत्रणेवर ३.५ अब्ज विनंत्या आदळल्या आणि खुली विक्री रद्द झाली. सोडतीत वेगाला किंमत उरत नाही.

पण सोडतीसोबत पुनर्विक्रीचं कलम घातलंच पाहिजे, नाहीतर ज्यांना लागेल तेच चढ्या भावाने विकतील. तिकिटावर नाव आणि परत द्यायचं झालं तर मूळ दरानेच, अधिकृत ठिकाणी. फक्त 'हस्तांतरण पूर्ण बंद' असं लिहू नका. आयत्या वेळी कुणी आजारी पडतं, तिकीट भावंडाला द्यावं लागतं. शिवाय काही ठिकाणी कायदाच आड येतो. द क्युअरला न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडोत हस्तांतरण रोखता आलं नव्हतं. आयर्लंडचं उदाहरण द्या, तिथे मूळ दराच्या वर पुनर्विक्रीला २०२१च्या कायद्याने बंदी आहे.

धागाकर्ती:
तिसरी रांग, मंद्र, मनापासून आभार. मसुद्यात आता असं लिहिलंय: "सर्व शुल्कांसह अंतिम किंमत आणि दरांचे सगळे टप्पे विक्रीच्या किमान २४ तास आधी जाहीर करावेत. पुढील जागांचा ठरावीक हिस्सा कमी दरात, सोडतीने द्यावा. तिकीट परत करायचे झाल्यास मूळ दरानेच घेणारी सोय असावी." 'स्वस्त करा' हे वाक्य काढलंय. गटातल्या काहींना ते रुचलेलं नाही, त्यांच्याशी बोलतेय.

अजून एक विचारायचंय. पत्र व्यवस्थापनाला आधी पाठवावं की आयोजकांना?

तिसरी रांग:
दोघांना एकदमच पाठवा आणि एकाच पत्रात दोघांची नावं घाला, म्हणजे ढकलाढकली होणार नाही. ओअ‍ॅसिसनेही तेव्हा दरांचे निर्णय आयोजक आणि व्यवस्थापनावर सोडले होते असं सांगितलं होतं. आणि दौरा जाहीर व्हायच्या आधी पाठवा. दरांचे करार तेव्हाच होतात, तिकीटविक्रीची तारीख लागल्यावर कुणाच्या हातात फारसं काही नसतं.