टेम्पलेटला दिलेला क्लास आपल्याच बेसचा आहे का, हे कंपाइल होतानाच कसं तपासायचं?

बिलिंगवाला:
नमस्कार मंडळी. आमचं दुकानांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे, सी++ १७ मध्ये. प्रिंटर हा बेस क्लास आणि त्याच्याखाली थर्मलप्रिंटर, लेबलप्रिंटर वगैरे. नोंदव नावाचं टेम्पलेट फंक्शन आहे, ते टी&& घेतं आणि आलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता प्रिंटर* च्या व्हेक्टरमध्ये (यादीत) एम्प्लेस_बॅक करतं, म्हणजे शेवटी जोडतं. परवा टीममधल्या नवीन मुलीने चुकून प्रिंटरऐवजी प्रिंटरसेटिंग पाठवलं आणि एरर आली ती थेट लायब्ररीच्या हेडरच्या पोटात, बिचारी दुपारभर तिथेच शोधत बसली. म्हणून मी फंक्शनच्या पहिल्याच ओळीत हे टाकलं, म्हणजे टी प्रिंटरवरून आलेला नसेल तर कंपाइल होतानाच आपला संदेश दिसेल:

स्टॅटिक_असर्ट(इज_बेस_ऑफ_व्ही<प्रिंटर, टी>, "फक्त प्रिंटर द्या");

आता दोन गोष्टी कळत नाहीयेत. लेबलप्रिंटर तिथल्या तिथे बनवून दिला तर असर्ट पास होतो पण पुढे पुन्हा तीच हेडरमधली एरर, "बेस इनॲक्सेसिबल" म्हणते. आणि थर्मलप्रिंटरचं साधं व्हेरिएबल दिलं तर असर्टच फेल, तो तर सरळसरळ प्रिंटरचा आहे!

पॉइंटरताई:
लेबलप्रिंटरची पहिली ओळ बघा, कोलननंतर पब्लिक लिहायचं राहिलंय बहुतेक. क्लास लिहिलं की इनहेरिटन्स आपोआप प्रायव्हेट होतो, स्ट्रक्ट असतं तर पब्लिक झाला असता. इज_बेस_ऑफ फक्त वंशावळ बघतं, प्रायव्हेट असो, प्रोटेक्टेड असो, किंवा एकच बेस दोन वाटांनी आलेला असो, ते हो म्हणणारच. तुम्हाला खरं तर विचारायचंय की याचा पॉइंटर प्रिंटर* म्हणून चालेल का, मग तेच विचारा:

इज_कन्व्हर्टिबल_व्ही<टी*, प्रिंटर*>

पॉइंटरच विचारा हं, नुसतं टी आणि प्रिंटर टाकलंत तर प्रश्न ऑब्जेक्टच्या रूपांतराचा होतो आणि प्रिंटर ॲबस्ट्रॅक्ट असेल, म्हणजे त्याचं स्वतःचं ऑब्जेक्ट बनवताच येत नसेल, तर उत्तर कायम नाही येईल.

रात्रपाळी:
थर्मलप्रिंटरचं कारण वेगळं आहे. टी&& ला नाव असलेलं व्हेरिएबल दिलं की टी म्हणजे थर्मलप्रिंटर& ठरतो, आणि रेफरन्स हा क्लास नाही, म्हणून इज_बेस_ऑफ नाही म्हणतं. कॉन्स्ट वगैरे ते दुर्लक्षित करतं पण रेफरन्स नाही. रिमूव्ह_रेफरन्स_टी लावलं की सुटेल. पण दादा, तुम्ही पत्ता साठवताय ना, मग && हवंच कशाला? उद्या कोणी तिथल्या तिथे बनवलेलं तात्पुरतं ऑब्जेक्ट पाठवलं तर कंपाइल बिनबोभाट होईल आणि व्हेक्टरमध्ये मेलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता राहील, हा बग तुमचा हा वंशावळीचा असर्ट पकडणार नाही. साधं टी& करा, रेफरन्सचा घोळही जाईल आणि हेही.

बिलिंगवाला:
ताई, अगदी बरोबर, पब्लिकच राहिलं होतं! टी& पण केलं, आणि एका टेस्टमध्ये खरंच तात्पुरतं ऑब्जेक्ट पाठवलं जात होतं ते लगेच अडलं. अजून एक, काउंटर<डी> म्हणून आमचा एक बेस टेम्पलेट आहे, त्यात डी म्हणजे त्याच्यावरून बनणारा क्लासच, डी काउंटर<डी> वरूनच आलाय ना हे त्याच्या क्लासमध्येच असर्टने तपासायला गेलो तर "इन्कम्प्लीट टाइप" म्हणून ओरडतो.

पॉइंटरताई:
ओरडणारच, डीचा बेस तयार होत असतो तेव्हा डीचा स्वतःचा शेवटचा महिरपी कंस आलेलाच नसतो, आणि इज_बेस_ऑफला डी पूर्ण लागतो. तो असर्ट काउंटरच्या कन्स्ट्रक्टरच्या आत हलवा. त्याची बॉडी प्रत्यक्ष वापर झाल्यावरच इन्स्टॅन्शिएट होते, म्हणजे त्या डीसाठी तयार होते, तोवर डी पूर्ण झालेला असतो.

रात्रपाळी:
सी++ २० वर गेलात की नोंदवसाठी कॉन्सेप्ट्स हेडरमधलं डिराइव्ह्ड_फ्रॉम वापरा, त्यात वंशावळ आणि पॉइंटरचं रूपांतर दोन्ही एकत्र तपासलं जातं, आणि एरर फंक्शनच्या आत न येता ज्याने कॉल केला त्याच्या ओळीवर येते. एवढं मात्र बघा की स्वतः प्रिंटरही त्यात पास होतो, इज_बेस_ऑफमध्येही होतो. तो नको असेल तर इज_सेम वेगळं तपासावं लागेल.

बिलिंगवाला:
प्रिंटर ॲबस्ट्रॅक्टच आहे, त्यामुळे ते चालेल. असर्ट कन्स्ट्रक्टरमध्ये टाकला, बिल्ड झाला. दोघांचेही मनापासून आभार.