जुन्या साहेबाने मागे काय सांगितलं? वाईट रेफरन्सचे अनुभव

धागाकर्ती:

मुलाखती पार पडतात, पगाराचं बोलणं होतं आणि मग कुठेतरी घोडं अडतं. एचआर फोन उचलेनाशी होते. मागाहून कळतं की जुन्या कंपनीतून कोणीतरी काहीतरी सांगितलंय. अशा वेळी तुम्ही काय केलंत ते इथे लिहा. कंपनीचं, माणसाचं नाव नको. "सरळ लीगल नोटीस पाठवा" एवढंच लिहायचं असेल तर तेही नको. खरंच पाठवली असेल तर पुढे काय झालं ते सांगा.

सुरुवात मी करते. नव्या कंपनीची रिक्रूटर "प्रोसेसमध्ये आहे, मॅम" हेच म्हणत राहिली. शेवटी मी थेट विचारलं, "रेफरन्समध्ये काही आलंय का? आलं असेल तर मला माझी बाजू मांडू द्या." तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही नोटीस न देता सोडलं, असं तिकडचे मॅनेजर म्हणाले."

मी नोटीस पीरियड पूर्ण केला होता. राजीनामा मंजूर झाल्याची मेल, त्यातला शेवटचा दिवस, लॅपटॉप जमा केल्याची पोच, सगळं माझ्या खासगी मेलवर होतं. मॅनेजरला फोन केला नाही. (खुमखुमी होती, नाही असं नाही.) जुन्या कंपनीच्या एचआरला चार ओळी लिहिल्या: राजीनाम्याची तारीख ही, शेवटचा दिवस हा, सोबत कागद, आपल्या रेकॉर्डप्रमाणे हे बरोबर आहे का, तेवढं लेखी कळवावं. मॅनेजरबद्दल चकार शब्द नाही. तक्रार केली असती तर ती कायदा विभागात जाऊन पडली असती. साध्या प्रश्नाला मात्र कोणीही उत्तर देतं. "होय, बरोबर आहे" असं आलं, तेच पुढे पाठवलं आणि ऑफर हातात आली.

एचआरमधली:

मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणून तिथलं सांगते. पडताळणीच्या फॉर्ममध्ये बहुतेक ठिकाणी तेच ते असतं: कधीपासून कधीपर्यंत, पद कोणतं, सोडण्याचं कारण काय, आणि पुन्हा घ्याल का. बऱ्याच मोठ्या कंपन्या पहिल्या दोनांपलीकडे काही सांगतच नाहीत, उगाच दाव्याची भानगड नको म्हणून. खरी गंमत शेवटच्या प्रश्नात. "पुन्हा घ्याल का?" असं विचारल्यावर पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, "ते... आमच्या पॉलिसीत बसत नाही." झालं. एकही वाईट शब्द नाही, पण ऐकणारा जे समजायचं ते समजतो.

तरी एका मॅनेजरच्या नाराजीवर उमेदवार सहसा पडत नाही. पडतो तो तारखांत. सीव्हीत एक, एक्सपिरियन्स लेटरवर दुसरंच. नाराजी हे मत झालं. तारीख चुकली की आम्ही त्याला खोटं म्हणतो. आणि ज्याने आधीच सांगून ठेवलंय, "शेवटच्या प्रोजेक्टवर माझं आणि साहेबांचं पटलं नाही, त्यांना फोन कराल तर हे ऐकायला मिळेल, त्याआधीच्या मॅनेजरांचा नंबरही देते", त्याचा वाईट रेफरन्स आला तर आम्हाला धक्का बसत नाही. फक्त हे दोन वाक्यांत सांगा. दहा मिनिटं कैफियत मांडलीत की आम्हाला त्या साहेबांचं पटायला लागतं.

जर्मनीतला:

आमच्याकडे फोनाफोनी कमी, सगळं कागदावर. नोकरी सोडताना लेखी प्रमाणपत्र, त्सॉयग्निस, मागण्याचा हक्क कायद्यातच आहे (गेवेर्बेओर्डनुंग, कलम 109). त्यातला मजकूर खरा असायलाच हवा, पण पुढच्या वाटचालीत अडसर होईल अशा सुरातला नको. त्यामुळे वाईट काही कोणी उघड लिहीत नाही, श्रेणी शब्दांत दडवतात. माझ्या कागदावर होतं, "पूर्ण समाधानकारक काम केलं." वाचून मी खूश. घरी बायकोने दाखवलं की "नेहमी" हा शब्दच नाही. तो असता तर चांगली श्रेणी. नसला की मधली. "प्रयत्न केला" असं लिहिलं असतं तर नापासच समजायचं.

बदलून मागितलं. इथे एक ठाऊक असू द्या: 2014 मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितलंय की मधल्या श्रेणीपेक्षा वरची हवी तर तुमचं काम तसं होतं हे तुम्ही सिद्ध करायचं, मधल्यापेक्षा खालची दिली असेल तर सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. मी वार्षिक मूल्यांकनाच्या प्रती जोडल्या आणि मला हवा तो मजकूर स्वतःच टाइप करून पाठवला. त्यांनी लेटरहेडवर छापून सही केली. आयतं मिळालं की सही लवकर होते.

ब्रिटनमधली नर्स:

माझ्या रेफरन्समध्ये लिहिलं होतं की माझ्याविरुद्ध तक्रार होती. ती चौकशीत निराधार ठरली होती, पण ते वाक्य गाळलेलं. इथे बहुतेक क्षेत्रांत रेफरन्स देण्याची सक्ती नाही. दिला तर मात्र तो खरा आणि दिशाभूल न करणारा हवा. 1994 च्या स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अॅश्युरन्स खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा इथलं सर्वोच्च न्यायालय तेच) सांगितलंय की रेफरन्स लिहिताना निष्काळजीपणा केला आणि त्यात माणसाचं नुकसान झालं तर मालक जबाबदार धरला जाऊ शकतो. युनियनच्या प्रतिनिधीने पत्रात एवढाच उल्लेख केला आणि चौकशीचा निकाल जोडला. दुरुस्त रेफरन्स गेला. ती जागा तोवर भरली होती, पण पुढच्या अर्जात तो उपयोगी पडला.

"स्वतःबद्दलची माहिती मागण्याच्या हक्कात प्रत मागा" असं सगळे सांगतात. इथे ते चालत नाही. 2018 च्या डेटा कायद्यात गुप्तपणे दिलेल्या रेफरन्सला सूट आहे. मला मजकूर कळला तो नव्या हॉस्पिटलच्या मॅनेजरबाईंनी आपणहून दाखवला म्हणून.

लहान फर्ममधला:

आमच्याकडे मालक हाच मॅनेजर, हाच एचआर, हाच कॅशियर. मी सोडलं म्हणजे गद्दारी, विषय संपला. पत्र नाही, फोन उचलणं नाही. मी पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि अपॉइंटमेंट लेटर दिलं आणि ज्या क्लायंटचं काम रोज बघायचो त्यांच्या पर्चेस मॅनेजरचा नंबर दिला. ते भरभरून बोलले म्हणे.

एक मॅनेजर:

इथे सगळे मॅनेजर खलनायक दिसतात, म्हणून लिहितो. मी वाईट रेफरन्स दिलाय आणि परत देईन. स्टॉकच्या नोंदी फिरवणारा माणूस होता, लेखी समज दिलेली होती. मला विचारलं, मी फाइलमध्ये जे होतं तेवढंच सांगितलं. "स्वभाव कसा आहे" यावर मी बोलत नाही, चांगलंही नाही. पण ज्यांनी बरं काम केलं त्यांचाही फोन अचानक येतो तेव्हा मला खरंच काही आठवत नसतं आणि मी गुळमुळीत बोलतो. ते वाईटच ऐकू येत असणार. तेव्हा नाव देण्याआधी मला फोन करा, काय काय केलं होतं त्याची यादी मेल करा. आणि माझ्या आवाजावरून वाटलं की हा नाखूश आहे, तर दुसऱ्याचं नाव द्या. मला राग येणार नाही.

नाव नको:

मी छळाची तक्रार केली होती. सोडताना जो समझोता झाला त्यात पैशांवरच सगळं बोलणं चाललेलं. माझ्या वकीलबाईंनी रेफरन्सचा मजकूर शब्दन् शब्द जोडून घ्यायला लावला, शिवाय तो कोणाच्या सहीने जाईल आणि फोन आला तर कोण बोलेल हेही. तेव्हा वाटलं, एवढा कीस कशाला? पुढे तीनही गोष्टी लागल्या.

हात पोळलेला:

माझी गोष्ट गोड नाही. ऑफर लेटर हातात आलं, राजीनामा टाकला, आणि पडताळणीत "फीडबॅक समाधानकारक नाही" म्हणून ऑफर मागे. कोण काय बोललं ते आजवर कळलं नाही. ऑफर लेटरवर बारीक अक्षरात होतंच, "पडताळणीच्या अधीन". दुसरी नोकरी लागली, पण चार महिने फुकट गेले आणि पगार आधीपेक्षा कमी.

धागाकर्ती:

@हात पोळलेला, वाईट वाटलं. एचआरमधल्या ताई, पडताळणी पूर्ण होईपर्यंत राजीनामा देत नाही असं म्हटलं तर चालतं का? आणि सध्याच्या कंपनीला फोन करू नका हे कसं सांगायचं?

एचआरमधली:

दोन्ही चालतं. "आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी झाल्याचं लेखी आलं की त्याच दिवशी राजीनामा देते" असं मेलवर लिहा. घाई असलेली कंपनी कुरकुरते, पण आठवडाभर थांबते. सध्याच्या कंपनीपुढे फॉर्मवर "जॉइन झाल्यावरच संपर्क करावा" असं लिहा आणि तेच वाक्य रिक्रूटरलाही मेल करा, कारण पडताळणी करणारी एजन्सी वेगळी असते आणि फॉर्म कोणी नीट वाचत नाही.