एमआरआयच्या दिवशी पिस्तुलाचं काय करू? (टेक्सास) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनजवळ माझं गॅस स्टेशन आहे. सहा वर्षांपूर्वी रात्री दुकान बंद करताना दोघांनी कपाळाला पिस्तूल लावून गल्ला नेला. त्यानंतर रीतसर शिकून परवाना काढला. २०२१च्या सप्टेंबरपासून इथे परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, तरी मी परवाना चालू ठेवलाय. शर्टाखाली उजव्या कमरेला होल्स्टर असतं, घराबाहेर पडताना चष्म्याइतकंच सवयीचं.

आता सायटिकाने हैराण आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे गेलो. दारावर ३०.०६ची पाटी (परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत आणू नका असं सांगणारी, इंग्रजी-स्पॅनिश, इंचभर अक्षरांची) नव्हती, म्हणजे कायद्याने मी चुकलो नव्हतो. पण कुशीवर वळवताना नर्सचा हात होल्स्टरला लागला आणि ती झटकन मागे सरकली. बीपीचा पट्टा तिच्या हातातून खाली पडला. मी सॉरी म्हटलं, परवाना दाखवला, ती "इट्स ओके" म्हणाली, पण नंतर खोलीत दुसऱ्या कोणाला तरी घेऊनच आली. माझ्या मुलीच्या वयाची पोर होती. फार वाईट वाटलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेसातला मणक्याचा एमआरआय आहे. बंद जागेत मला घाबरायला होतं, म्हणून आधी गुंगीचं औषध देणार आहेत. गाडी धाकटा भाऊ चालवेल, तो साताऱ्याहून व्हिजिटर व्हिसावर आलाय. तिथून थेट दुकानात जायचा विचार होता, म्हणून पिस्तूल गाडीत भावापाशी ठेवू का? की कपडे बदलायच्या खोलीतल्या लॉकरमध्ये? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, मी डॅलसला एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. लॉकरचा विचार सोडाच. आमच्या मशीनचा आवाज थांबला तरी चुंबक चोवीस तास चालूच असतं. २००० साली न्यूयॉर्क राज्यात ड्युटीवर नसलेल्या एका पोलिसाचं पिस्तूल मशीनने ओढून घेतलं. सेफ्टी लावलेली होती, तरी गोळी सुटून भिंतीत घुसली. जानेवारी २०२३मध्ये साओ पाउलोत एक वकील आईला स्कॅनला घेऊन आले होते. धातूच्या वस्तू काढून ठेवायला सांगितलं होतं, तरी कमरेचं पिस्तूल त्यांनी काढलं नाही. ते ओढलं गेलं, गोळी पोटात लागली आणि पुढच्या महिन्यात ते वारले. लक्षात घ्या, ते रुग्ण नव्हते, सोबत आलेले होते. तुमच्यासोबत कोणीही येवो, खिसे रिकामे हवेत.

प्रतिसाद २

भावाचं ऐकून काळजी वाटली. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाने बंदूक ताब्यात ठेवणं हा फेडरल गुन्हा आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. तुम्ही आत झोपलेले, गाडीची किल्ली त्याच्याकडे आणि सीटखाली पिस्तूल, हे निस्तरणं त्याला जड जाईल. पार्किंगमधल्या गाड्या फोडून पिस्तुलं चोरीला जातात ते वेगळंच. आणि दवाखान्याच्या टॉयलेटमध्ये होल्स्टर काढणं-घालणं करूच नका, नकळत गोळी सुटते ती अशाच वेळी. घरच्या सेफमध्ये ठेवून निघा. शिवाय गुंगीच्या औषधानंतर त्या दिवशी पिस्तुलाला हातही लावायचा नाही, म्हणजे दुकानही नाही.

(माझे वडील व्हीए म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये असतात. तिथे तर आवारातही नेता येत नाही, पाटी असो वा नसो.)

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. व्हिसाची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, मला त्या वस्तूजवळ बसवूच नकोस."

काल स्कॅन झाला. आदल्या रात्रीच पिस्तूल सेफमध्ये ठेवलं, सेफ बायकोला बंद करायला लावली. दुकान दुपारी दोनला बंद करायला सांगून गल्ला उजेडातच बँकेत भरायला लावला. वेटिंग रूममध्ये हात चारदा तरी कमरेकडे गेला, खोटं कशाला बोलू. फॉर्मवर पेसमेकर, छर्रे, दातांची तार असे पंचवीसेक प्रश्न होते. टेक्नॉलॉजिस्टने तेच प्रश्न तोंडी परत विचारले आणि शेवटी थांबून म्हणाली, "एनी वेपन?" मी "नो मॅम" म्हटलं.

मागच्या वेळच्या त्या नर्सला दोन ओळींची चिठ्ठी लिहायचं मनात आहे. पुढच्या भेटीला रिकाम्या कमरेने येईन, एवढंच लिहावं, की यानेही ती आणखी घाबरेल? नर्सिंगमधल्या कोणी सांगाल का?